निबंधकार हा साक्षीदार होय

शाळेत शिकविल्या जाणाऱ्या सर्व विषयांत निबंधाइतका साधा दिसणारा आणि निबंधाइतका मनस्ताप देणारा दुसरा विषय क्वचितच असेल. गणिताचे उत्तर चुकले तर ते कोठे चुकले हे दाखविता येते. व्याकरणाचा नियम एकदा नीट ध्यानात ठेवला म्हणजे तो जन्मभर उपयोगी पडतो. परंतु प्रश्नपत्रिकेत 'पुढीलपैकी कोणत्याही एका विषयावर निबंध लिहा' ही ओळ आली की चांगल्या चांगल्या विद्यार्थ्यांची लेखणी थबकते. अशा वेळी बाजारात मिळणारे मार्गदर्शक पुस्तक धावून येते. त्यातील निबंध तोंडपाठ केलेला असतो. तो कागदावर उतरतो. गुणही बरे मिळतात. आणि विद्यार्थी, पालक व शिक्षक असे तिघेही समाधान मानून घेतात. या समाधानात एक मोठी हानी लपलेली आहे. तिच्याकडे आपल्या वार्षिकाच्या वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही हानी कोणती हे समजण्यासाठी निबंध म्हणजे काय हे प्रथम पाहिले पाहिजे. आणि ते व्याख्या पाठ करून पाहण्यापेक्षा, ज्यांनी निबंध लिहून जगात नाव मिळविले त्यांच्याकडून शिकणे अधिक बरे. मराठी शिकविण्याच्या निमित्ताने देशोदेशींच्या निबंधकारांचे लेखन व चरित्रे मी आवडीने वाचीत आलो आहे. त्यांत कोणी सरदार होता, कोणी कचेरीतला कारकून, कोणी शिक्षक, तर कोणी अवघ्या चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. त्यांचे देश निराळे, धर्म निराळे, स्वभाव तर अगदीच निराळे. तथापि एक गुण त्या सर्वांत सारखा आढळतो, व त्या गुणाला आपल्या ख्रिस्ती मंडळीत एक फार चांगला शब्द आहे. उपासनेच्या वेळी एखादा बंधू किंवा भगिनी उठून, देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सर्वांसमोर सांगते. त्यास आपण 'साक्ष' म्हणतो. साक्ष देणाऱ्याने विद्वान असावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. त्याने जे पाहिले, सोसले व जाणले ते खरेपणाने सांगावे, एवढीच अट असते. आणि एकाची साक्ष दुसऱ्याला देता येत नाही. थोर निबंधकार हे याच अर्थाने साक्षीदार होते.

'निबंध' हा शब्द आपल्याकडे पुष्कळ जुना आहे. संस्कृतात त्याचा अर्थ 'बांधणे' असा असून, निरनिराळ्या धर्मशास्त्रग्रंथांतील वचने विषयवार गोळा करून बांधलेल्या संग्रहास पूर्वी निबंध म्हणत. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात रचलेला 'चतुर्वर्गचिंतामणी' हा अशा निबंधांपैकी अत्यंत प्रसिद्ध होय. असल्या ग्रंथात पूर्वाचार्य काय म्हणाले याला महत्त्व. ग्रंथकाराला स्वतःला काय वाटते हे सांगण्याचे ते स्थान नव्हे. आज आपण ज्यास निबंध म्हणतो त्याचे कूळ मात्र वेगळे आहे, व त्याचा शोध घेण्यास आपणांस फ्रान्स देशात गेले पाहिजे.

तेथे बोर्दो शहराजवळ मिशेल द मोंतेन नावाचा एक सरदार राहत असे. वयाच्या ३८ व्या वर्षी, म्हणजे १५७१ साली, सरकारी काम सोडून तो आपल्या वाड्याच्या बुरुजातील ग्रंथालयात जाऊन बसला आणि मनात येईल त्या विषयावर लिहू लागला. १५८० साली त्याच्या लेखनाचे पहिले दोन भाग प्रसिद्ध झाले. त्यांस त्याने जे नाव दिले त्याचा अर्थ 'प्रयत्न' अथवा 'पारख' असा होतो. इंग्रजीतील 'एसे' हा शब्द तेथूनच आला. मैत्री, भीती, मरण असे मोठे विषय त्याने घेतले, तसेच स्वतःच्या अगदी बारीकसारीक गोष्टीही लिहिल्या. आपणांस मुळा प्रथम मानवत असे, पुढे मानवेनासा झाला व नंतर पुन्हा मानवू लागला, हेदेखील त्याने नमूद करून ठेविले आहे! एवढ्या विद्वान माणसाने मुळ्याविषयी लिहावे याचे हसू येईल. परंतु त्यात त्याची दृष्टी दिसते. ज्या एका माणसाविषयी मी खात्रीने बोलू शकतो तो मी स्वतः, म्हणून माझ्यापासून प्रारंभ करून मनुष्यस्वभाव तपासतो, असा त्याचा विचार होता.

मोंतेनची आणखी एक गोष्ट आपल्या मुलांच्या पालकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच्या वडिलांनी त्याला तान्हेपणीच एका जर्मन पंतोजीच्या हवाली केले होते. त्या पंतोजीस फ्रेंच येत नसे, व घरातील सर्वांनी मुलाशी लॅटिनमध्येच बोलावे असा दंडक होता. लॅटिन ही त्या काळी सर्व युरोपातील विद्वानांची भाषा. ती तो मातृभाषेसारखी शिकला. परंतु निबंध लिहिण्याची वेळ आली तेव्हा त्याने आपल्या भोवतालच्या लोकांची फ्रेंच भाषाच पसंत केली. आपल्या मुलांनी इंग्रजी उत्तम शिकावी याविषयी माझे दुमत नाही. मात्र जी भाषा मूल घरात बोलते, भांडते व प्रार्थना करते, त्या भाषेत त्याला चार ओळी स्वतःच्या लिहिता येऊ नयेत, ही गोष्ट भूषणाची खचितच नव्हे.

मोंतेनच्याही पूर्वी सुमारे अडीचशे वर्षे, चौदाव्या शतकात, जपानात केन्को नावाच्या एका बौद्ध भिक्षूने असेच लेखन केले होते. त्याचे २४३ लहानमोठे तुकडे आहेत. कोठे ऋतूंचे वर्णन, कोठे माणसांच्या सवयी, कोठे ऐकलेली एखादी हकीकत. फ्रान्सातील सरदार व जपानातील भिक्षू यांना एकमेकांची वार्ताही नव्हती. यावरून असे दिसते की, पाहिलेले सांगावे ही ओढ कोणा एका देशाची मक्तेदारी नाही.

इंग्लंडात फ्रान्सिस बेकनने १५९७ साली दहा निबंध प्रसिद्ध केले; ते वाढत वाढत १६२५ साली ५८ झाले. राजदरबारात वावरलेल्या माणसाचे ते अनुभव आहेत, व त्याचे वाक्य तराजूत तोलल्यासारखे असते. पुढे १७११ साली अॅडिसन व स्टील या दोघा मित्रांनी 'स्पेक्टेटर' हे पत्र काढून, ग्रंथालयात कोंडलेले तत्त्वज्ञान कॉफीगृहांत व घरोघरच्या चहाच्या मेजांवर आणून ठेवले. या सर्वांविषयी पुष्कळ सांगता येईल. परंतु माझ्या मनाला अधिक जवळचा वाटतो तो चार्ल्स लँब.

लँबचा जन्म १७७५ साली लंडनमध्ये एका साधारण कुटुंबात झाला. धर्मादाय शाळेत तो शिकला. तो बोलताना अडखळत असे. १७९२ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरीत कारकून म्हणून चिकटला, व तेथे त्याने ३३ वर्षे हिशेबाच्या वह्या लिहिल्या. १७९६ साली त्याच्या घरावर भयंकर प्रसंग ओढवला. त्याची बहीण मेरी हिला वेडाचा झटका येऊन, त्या भरात तिच्या हातून आईचा मृत्यू झाला. चार्ल्स त्या वेळी अवघा २१ वर्षांचा होता. बहिणीला जन्मभर इस्पितळात टाकून मोकळे होणे त्यास सहज शक्य होते. परंतु तिची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली, लग्न केले नाही, व मरेपर्यंत तिला अंतर दिले नाही. झटका येणार अशी चिन्हे दिसू लागली म्हणजे ती दोघे भावंडे हात धरून, रडत रडत, पायी इस्पितळाची वाट चालत. तिला बरे वाटत असे तेव्हा दोघांनी मिळून शेक्सपिअरच्या नाटकांच्या कथा मुलांसाठी लिहिल्या. त्या १८०७ साली प्रसिद्ध झाल्या व आजही मुले त्या वाचतात. पुढे 'एलिया' या टोपणनावाने त्याने जे निबंध लिहिले त्यांत या दुःखाची फिर्याद कोठेही नाही. जुनी चिनी मातीची भांडी, शाळेतले दिवस, धुराडी साफ करणारी गरीब पोरे, असे त्याचे विषय. तरीही त्या विनोदामागे एक सोसलेले हृदय आहे हे वाचकाला कळल्यावाचून राहत नाही. साक्ष देताना मनुष्याने आपले सर्वच दुःख उघडे करावे असे नाही. जे सांगतो ते त्याचे स्वतःचे असावे, म्हणजे पुरे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. इंग्रजी अमदानीत छापखाने व वर्तमानपत्रे आली, आणि त्यांच्या स्तंभांतून मराठी निबंध जन्मास आला. १८४८ सालापासून 'प्रभाकर' पत्रात गोपाळ हरी देशमुख यांनी 'लोकहितवादी' या नावाने आपल्याच समाजाचे दोष स्पष्टपणे दाखविणारी १०८ पत्रे लिहिली. पुढे जानेवारी १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले व त्याचे ८४ अंक जवळजवळ एकहाती लिहून काढले. मराठी गद्याला त्यांनी जे तेज आणले त्याचा लाभ आपण सर्वच घेत आहोत. मिशनऱ्यांवर व जोतीराव फुल्यांवर शास्त्रीबुवांनी कठोर टीका केली, हे ठाऊक असूनही मी त्यांचे निबंध वर्गात आदराने वाचून दाखवितो. ज्याच्याशी आपले मत जुळत नाही त्याच्या लेखणीचे ऋण मान्य करणे, हादेखील शिक्षणाचाच एक भाग आहे.

परंतु निबंधमालेच्याही १९ वर्षे आधी एका मुलीने एक निबंध लिहिला होता, व तो आपल्या मुलामुलींनी विशेष अभिमानाने लक्षात ठेवावा असा आहे. त्या मुलीचे नाव मुक्ता साळवे. मातंग समाजात जन्मलेली ही मुलगी पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. सावित्रीबाईंचे माहेर सातारा जिल्ह्यातील नायगाव, व जोतीरावांच्या पूर्वजांचे गाव याच जिल्ह्यातील कटगुण. तेव्हा मुक्तेच्या शिक्षणाचा झरा आपल्याच मुलखातून गेलेला आहे असे म्हणण्यास हरकत नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी तिने मांग व महार यांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत 'ज्ञानोदय' पत्रात दोन भागांत छापून आला. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगर येथे सुरू केलेले पत्र. ज्या मुलीची सावलीदेखील लोकांना नको होती तिचे शब्द एका मिशनच्या पत्राने छापावेत, ही गोष्ट मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या प्रत्येकाने स्मरणात ठेवावी.

तिने लिहिले तरी काय? आपल्या जातीच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर धड छप्परही नसते, आणि थंडी, वारा व पाऊस यांनी त्यांचे काय हाल होतात, ते तिने लिहिले. ज्या धर्मग्रंथांना आम्ही शिवूदेखील नये ते ग्रंथ आमचे कसे, असा प्रश्न तिने देवालाच केला. आणि शेवटी आपल्या माणसांना तिने विद्या शिकण्याची कळकळीने विनंती केली. यांत तिने कोणत्या ग्रंथाचा आधार घेतला? तिच्या घराचे गळके छप्पर हाच तिचा आधार. त्या वेळी महाराष्ट्रात मोठमोठे शास्त्री व पंडित होते. पण ही साक्ष त्यांपैकी एकालाही देता आली नसती, कारण ते त्या छपराखाली कधी निजले नव्हते. म्हणूनच पावणेदोनशे वर्षे होत आली तरी तो निबंध जिवंत आहे.

सातारा जिल्ह्याचा दुसरा साक्षीदार म्हणजे गोपाळ गणेश आगरकर. कऱ्हाडजवळ कृष्णेच्या काठी असलेल्या टेंभू या गावी १४ जुलै १८५६ रोजी त्यांचा जन्म झाला. आज टेंभूचे नाव तेथील उपसा सिंचन योजनेमुळे घरोघरी झाले आहे. तेथे कृष्णेचे पाणी उचलून ते सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडीसारख्या दुष्काळी मुलखाकडे नेले जाते. आगरकरांच्या घरी अत्यंत गरिबी. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी गावे त्यांनी पालथी घातली व अखेर ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले. अंगातला एकच सदरा रात्री धुऊन सकाळी तोच घालीत, असे त्यांच्याविषयी सांगतात. एम. ए. च्या परीक्षेच्या सुमारास त्यांनी आईला पत्र लिहून कळविले की, मुलगा आता मोठ्या पगाराची नोकरी करील अशी आशा धरू नये. पोटापुरते मिळवून उरलेला सर्व वेळ आपण लोकहितास देणार आहोत. पालकांनी हे पत्र वाचताना त्या माउलीचाही विचार करावा. मुलाच्या शिक्षणाची वाट पाहत तिने किती वर्षे काढली असतील!

पुढे आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली त्यांना व टिळकांना मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. मतभेद झाल्यावर त्यांनी 'केसरी' सोडला व १८८८ साली 'सुधारक' हे पत्र काढले. त्यात ते बालविवाह, विधवांचे केशवपन, मुलींचे शिक्षण अशा विषयांवर लिहीत. हे विषय त्या काळी लोकांच्या घरातले व म्हणूनच लोकांना झोंबणारे होते. चिडलेल्या लोकांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने जर्जर झालेल्या त्या माणसाने लेखणी खाली ठेवली नाही. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असतानाच, १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षे पुरी होण्यापूर्वी ते वारले. देवाविषयी आगरकरांची मते व माझी मते एक नाहीत. तथापि ज्याला सत्य वाटले ते त्याने आपला फायदातोटा न पाहता बोलावे, ही शिकवण आपणांस शुभवर्तमानातही मिळते. आणि ती इतक्या कसोशीने पाळणारा मनुष्य आपल्या जिल्ह्यात जन्मला याचा मला अभिमान वाटतो.

कृष्णा टेंभूहून खाली वाहत सांगलीस येते. तेथे ११ जानेवारी १८९८ रोजी विष्णू सखाराम खांडेकर यांचा जन्म झाला. ते पुढे कोकणातील शिरोडे या खेड्यात १९२० साली शिक्षक म्हणून गेले व १९३८ पर्यंत तेथेच राहिले. १९७४ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक मिळविणारे ते पहिले मराठी लेखक, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांनी व ना. सी. फडके यांनी मराठीत लघुनिबंध रुजविला, ही गोष्ट विद्यार्थ्यांस तितकीशी ठाऊक नसते. आगरकरांचा निबंध सभेतील वक्त्यासारखा आहे, तर 'वायुलहरी'तील खांडेकर ओसरीवर बसलेल्या वडील माणसासारखे बोलतात. खेड्यातील शाळेत, अपुऱ्या साधनांत अठरा वर्षे काढलेल्या शिक्षकाला लहान गोष्टीत मोठा अर्थ दिसावा हे साहजिकच आहे. पुढे इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती'त घरातील व प्रवासातील अनुभव मांडले, आणि दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्रा'त बारा महिन्यांचा निसर्ग टिपला. त्याही याच वाटेने गेल्या.

भाषा कोठून आणावी, हा प्रश्न विद्यार्थी मला नेहमी विचारतात. त्यांना मी लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण देतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यास राहिले व तेथेच १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कोणत्याही शाळेत शिकल्या नव्हत्या. लग्नानंतर पतीच्या हाताखाली त्या अक्षरे शिकल्या. पण त्यांची 'स्मृतिचित्रे' मराठीतील उत्तम गद्यात गणली जातात. ती निबंधाच्या वर्गातली नव्हेत, आठवणी आहेत. तथापि स्वयंपाकघरात, अंगणात व प्रवासात जी मराठी त्यांच्या कानी पडली व तोंडी बसली, तीच त्यांनी कागदावर ठेविली. उसना अलंकार त्यांत एकही नाही.

इतक्या थोर नावांनंतर आता मी आमच्या वर्गातील एक लहानशी हकीकत सांगतो, कारण या लेखाचे खरे प्रयोजन तीच आहे. १९१९ नव्हे, अगदी अलीकडच्या २०१९ सालच्या ऑगस्टात सांगलीस महापूर आला. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट चढले हा एकच प्रश्न त्या दिवसांत प्रत्येकाच्या तोंडी होता. पाणी ओसरले, शाळा सुरू झाल्या, आणि सहामाही परीक्षेस 'मी पाहिलेला पूर' हा विषय आला. एका विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध माझ्या हाती आला. त्यात आकाश काळ्याकुट्ट मेघांनी आच्छादिले होते, नदीने रौद्र रूप धारण केले होते, आणि शेवटी निसर्गापुढे मानव खुजा आहे असा बोध होता. शुद्धलेखन निर्दोष होते. तसाच निबंध, शब्दाला शब्द, आणखी चौघांच्या उत्तरपत्रिकांत होता. त्या मुलाच्या घरात छताला टेकेल इतके पाणी शिरले होते, हे मला ठाऊक होते.

मधल्या सुटीत मी त्यास बोलावून म्हटले, "तुझ्या घरी काय झाले ते मला तोंडी सांग." तो प्रथम गप्प राहिला, मग सांगू लागला. आजी शिवणयंत्र सोडून नावेत बसायला तयार नव्हती. त्या यंत्रावरच तिने त्याच्या वडिलांना शिकविले होते. शेवटी वडिलांनी यंत्र माळ्यावर चढविले, तेव्हा कोठे ती निघाली. पण पाणी माळ्यावरही गेले. परत आल्यावर आजीने घर पाहिले नाही, भांडी पाहिली नाहीत. ती पदराने त्या यंत्राच्या चाकातला चिखल पुशीत बसली. आठ दिवस घरात तो चिखलाचा वास होता, आणि दप्तरातली पुस्तके दोरीवर वाळत घातली होती. एवढे सांगून तो थांबला. मी म्हटले, "हेच लिहून आण." तो माझ्याकडे पाहतच राहिला व म्हणाला, "सर, हे निबंधात चालतंय व्हय?"

वाचकहो, या एका प्रश्नात ती हानी आहे. शाळेत दहा वर्षे निबंध लिहूनही मुलाला वाटते की, त्याचे घर, त्याची आजी व त्याचे दुःख यांना निबंधात जागा नाही. निबंधात दुसऱ्याचे मेघ व दुसऱ्याच्या नदीचे रौद्र रूप लागते. हळूहळू त्याला असेही वाटू लागते की, आपण पाहिले ते पाहण्याजोगे नव्हते व आपल्याला जे वाटले ते सांगण्याजोगे नव्हते. दहा आज्ञांतील नववी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे. पाठ केलेला निबंध लिहिणारे मूल खोटेपणा करीत आहे असे मी म्हणत नाही. त्या बिचाऱ्यास आपणच तो मार्ग दाखविला. परंतु जे पाहिले नाही ते पाहिले म्हणून लिहिण्याची सवय कोवळ्या वयात लागली, तर पुढे न्यायालयात, कचेरीत, निवडणुकीत व संसारात ती सवय आपोआप सुटेल असे मानण्यास आधार कोणता?

त्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी दीड पान लिहून आणले. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. त्या मी तांबड्या शाईने दुरुस्त केल्या. मजकुराला मात्र हात लावला नाही. तो वर्गात वाचून दाखविला तेव्हा मागच्या बाकांवरची चुळबुळदेखील थांबली, आणि त्यानंतर आठवडाभर मुले मला आपापल्या पुराच्या गोष्टी सांगत होती.

पालकांना माझी विनंती आहे की, मार्गदर्शक पुस्तकावर खर्च करण्यापूर्वी रोज रात्री जेवताना मुलाला आज त्याने काय पाहिले ते विचारावे, व त्याचे सांगणे मध्येच न तोडता ऐकावे. आपणही आपल्या दिवसातले काही सांगावे. हरिपूरची हळदीची पेवे ज्या घरातील वडीलधाऱ्यांनी भरली व उपसली, मिरजेच्या इस्पितळात ज्या घरातील आई रात्रपाळी करते, अपशिंग्यासारख्या सैनिकांच्या गावातून ज्या घरातील वडील सीमेवर गेले आहेत, त्या घरातील मुलाला निबंधाच्या सामग्रीची उणीव पडण्याचे कारण नाही. गुणांविषयी ज्यांना काळजी असेल त्यांस मी शिक्षक या नात्याने सांगतो की, शंभर उत्तरपत्रिका तपासून थकलेल्या परीक्षकाला एखादी खरी ओळ भेटली म्हणजे तो जागा होतो.

आणि विद्यार्थीमित्रहो, पुढील वर्षाच्या वार्षिकासाठी या मराठी विभागाकडे तुम्ही लेख पाठवाल तेव्हा विषय शोधण्यास दूर जाऊ नका. तुमच्या वाटेवरचे झाड, तुमच्या गल्लीतला चांभार, तुमच्या आजोबांचा खोकला, तुम्हांस वाटलेली लाज किंवा भीती, यांपैकी काहीही चालेल. भाषा घरचीच असू द्या. ती स्वच्छ करण्यास तुमचे शिक्षक आहेत. लेखावर आपले नाव व इयत्ता लिहा, आणि दिवाळीच्या सुटीनंतर पहिल्या आठवड्यात तो माझ्याकडे आणून द्या.